उत्तरेकडच्या भिंतीचा बर्फ

मंगळवार, ११ फेब्रुवारी

प्रिय मिरेय,

फोनच करणार होते. दोनदा उचललाही, पण तुझ्याकडे घंटा वाजायला लागली की ठेवून दिला. तू बोलायला लागलीस की मी चिडते आणि मी चिडले की मूळ गोष्ट बाजूला राहते, हे आपल्या दोघींनाही ठाऊक आहे. शिवाय गेल्या महिन्यात मी तुला जे काही बोलले, त्यानंतर तू फोन घेशील की नाही याचीही खात्री नव्हती. म्हणून पत्र. शेवटपर्यंत वाच, मधेच गाडी काढून निघू नकोस. घाबरण्यासारखं काही नाही असं पहिल्या ओळीत लिहिणार होते, पण ते खरं नाही. मी घाबरलेली आहे. तुझे पपा पुन्हा या घरात येतील की नाही, या एका विचाराने गेले आठ दिवस माझ्या हातून एक काम धड होत नाही. काल वाटाण्याच्या सूपमध्ये दोनदा मीठ घातलं आणि मग एकटीनेच ते खारट सूप तीन वेळा खाल्लं, कारण टाकवेना.

आपलं घर तुला नव्याने सांगायला नको. तुझ्या पणजोबांनी ते उभं केलं तेव्हा लाकूड फुकट होतं आणि माणसं दणकट होती. भिंतींत लाकडाचा भुसा भरला आणि झालं घर, म्हणाले. तो भुसा शंभर वर्षांत खाली बसला, आणि वारा नदीपलीकडून, कॅनडातून निघतो तो कुठेही न थांबता आपल्या जेवणाच्या टेबलावर येतो. तू टोपी घालून गृहपाठ करायचीस ते आठवतं ना? दर वर्षी नोव्हेंबरात संतांचा सण झाला की पपा जंगलातून फरच्या फांद्या गाडीभर आणायचे, आणि आम्ही दोघं घराच्या पायाला चहूबाजूंनी त्या रचायचो. मग बर्फ पडला की तो फावड्याने त्या फांद्यांवर लोटून थापायचा. बर्फाचीच गोधडी, पण तिने तळघर गारठत नाही आणि जमीन पायांना चावत नाही. इथे सगळेच ते करतात. कुणाच्या घराला फांद्या कधी लागल्या यावरून त्या घरातली बाई कामसू की आळशी ते चर्चमध्ये ठरतं, आणि एकेचाळीस वर्षांत माझं नाव त्या यादीत कधी खाली गेलेलं नाही.

या वर्षी पपांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे फांद्या मीच आणल्या, मीच रचल्या. त्याआधी सप्टेंबरात तुझ्या हट्टाने घर तापवायची नवी भट्टी बसली होती. जुनी तेलाची भट्टी म्हणजे घरात पाळलेला बैल होता, कितीही घाला, पोट भरायचं नाही. ही नवी गॅसवरची, लहानशी, शहाणी. तिने खर्च खरंच कमी झाला, ते मी आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना तू स्वतःला बोल लावून घेणार नाहीस. ती बसवायला माणसं आली त्या दिवशी मी चर्चमध्ये बीन्सच्या सामुदायिक जेवणाच्या तयारीत होते. काय कसं चालवायचं ते त्यांनी पपांनाच समजावून सांगितलं. मी घरी आले तर पपा म्हणाले, "सगळं नीट ऐकून घेतलंय. आता तू काही हात लावू नकोस." मी म्हटलं, "तुझं ऐकून घेतलेलं मला माहीत आहे, लग्नाची तारीख पण तू नीट ऐकून घेतली होतीस." हसलो दोघं. तेव्हा ते अगदी टवटवीत होते, हे लक्षात ठेव.

मग मी ठरवलं की या हिवाळ्यात काटकसर करून दाखवायचीच. जिना चढायचा नाही म्हणून पपांचा पलंग स्वयंपाकघरामागच्या छोट्या खोलीत आणला. वरचा सगळा मजला बंद, मी खाली पुढच्या खोलीत कोचावर, आणि जिन्याच्या तोंडाशी दोन गोधड्या टांगल्या. मेणबत्ती घेऊन भिंतीभिंतींनी फिरले आणि ज्योत जिथे जिथे हलली तिथे कापूस कोंबला. फांद्या रचून झाल्यावर खिडक्यांना प्लास्टिक लावलं, हेअर ड्रायरने ताणून ढोलकीसारखं टणक केलं. दाराखाली वाळूच्या पिशव्या. घर असं बंद केलं की मला स्वतःचाच अभिमान वाटला. पपांची ती छोटी खोली उत्तरेकडची, घरातली सगळ्यात गार. त्यांच्या उशाच्या भिंतीपलीकडे मी सगळ्यात जास्त फांद्या रचत होते, दुप्पट जाडीच्या, आणि ते खिडकीतून काठीने काच ठोकायला लागले. खिडकी किलकिली करून म्हणाले, "तिथे नको, लोरेट. त्या पाइपाला श्वास घेऊ दे." भिंतीतून गुडघ्याएवढ्या उंचीवर एक पांढरा प्लास्टिकचा पाइप बाहेर आला होता, भांडी धुवायच्या सिंकखाली असतो तसला. मला वाटलं, पाणी जायचा असेल. भट्टीचा धूर धुराड्यातून जातो, हे मी पाळण्यात असल्यापासून बघत आले. "पाइपाला श्वास लागतो, मग मला काय लागतं, सांग! खिडकी लाव, ऊब जातेय सगळी," असं ओरडले मी. ते काहीतरी पुटपुटले आणि खिडकी लावली. दुपारी ते झोपले तेव्हा जाऊन मी ती जागाही भरून टाकली. त्यांच्याच उशाला गार लागू नये म्हणून, मिरेय. दुसरं काही मनात नव्हतं.

डिसेंबरात बर्फ भरपूर पडला आणि मी तो रोज थापत गेले. नाताळाच्या आधीपासूनच पपांचं बिनसायला लागलं. सकाळी डोकं दुखतं म्हणायचे, जन्मभर आवडीने खाल्लेली, कुट्टूच्या पिठाच्या धिरड्यांची प्लॉय समोर ठेवली तर दोन घास खाऊन ताट सरकवायचे. त्यांनी प्लॉय सरकवली, तेव्हाच मी समजायला हवं होतं. दिवसभर त्या खोलीत खुर्चीत बसून राहायचे, रेडिओ चालू आणि लक्ष कुठेच नाही. एकदा मला त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारली. एकदा मोजे हातात घालून बसले. नाताळाच्या दिवशी चर्चमध्ये मात्र चांगले तीन तास होते, सगळ्यांशी बोलले, येताना गाडीत गाणं म्हणत होते, आणि घरी येऊन तासाभरात पुन्हा मान खाली. मला काय वाटलं सांगू? मला राग आला. लोकांसमोर माणसात असतात आणि मला बघितलं की मान टाकतात, असं वाटलं. एवढी जवळची गोष्ट माझ्या नाकासमोर होती आणि मी रुसून बसले होते.

शेवटी डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, काय काय विचित्र बोलतात, करतात ते लिहून ठेवा. मी लिहिलं. शाळेच्या स्वयंपाकघरात वीस वर्षं सामानाच्या याद्या केलेली बाई मी, यादी करायला सांगितली की माझा हात थांबत नाही. त्या यादीत पहिलं वाक्य कोणतं होतं ते तुला आठवत असेल, कारण मी तुला फोनवर ते हसून सांगितलं होतं आणि मग रडले होते. 'पाइपाला श्वास लागतो.' जानेवारीत ते पुन्हा पुन्हा तेच म्हणायला लागले होते, जीभ जड करून, की तो पाइप गुदमरतोय, त्याला बाहेर काढ. डॉक्टरांनी त्या वाक्याखाली रेघ मारली. वयाने होतं असं, पुढे वाढत जाईल, म्हणाले. तू म्हणालीस, "ममा, घाई करू नकोस, मी आधी येऊन बघते." आणि मी तुला म्हणाले की पोर्टलंडच्या गरम फ्लॅटमध्ये बसून मला शिकवू नकोस, इथे येऊन एक आठवडा त्यांचे मोजे काढून दाखव. ते मी मागे घेते. पत्रात लिहून मागे घेते, म्हणजे नंतर मला नाकबूल करता येणार नाही.

जानेवारीच्या मध्यावर त्यांना त्या वृद्धाश्रमात पोचवलं. गाडीत बसताना त्यांनी मागे वळून बघितलं आणि म्हणाले, "उत्तरेची खिडकी नीट लावलीस ना?" बस एवढंच. मी घरी परत आले आणि काटकसरीचं भूत होतंच मानगुटीवर. एकटीला एवढं घर कशाला तापवायचं? पुढची खोलीही बंद केली आणि पपांच्या पलंगावर झोपायला लागले. उशीला त्यांचा वास होता, ते एक कारण, पण गॅस वाचेल हेही एक होतं. खोटं कशाला बोलू?

तिकडे पपा आठवड्याभरात सुधारायला लागले. मी गेले तर पत्ते खेळत बसलेले. तिथली नर्स हसत म्हणाली, "तुमच्या मिस्टरांनी तर इथल्या सगळ्यांना लुटलंय, मॅडम. एक पान विसरत नाहीत." मला आनंद व्हायला हवा होता ना? मला हेवा वाटला. चार दिवसांत परक्या बायकांच्या हातचं खाऊन माणूस ताजातवाना होतो, आणि माझ्या घरात एकेचाळीस वर्षं राहून वेडा होतो. येताना सगळ्या वाटेवर मी त्या नर्सशी मनातल्या मनात भांडत आले.

आणि इकडे मी बिघडायला लागले. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सकाळी उठले की डोकं जड, मळमळायचं. शेगडीवर दूध ठेवून विसरले, पातेलं जळालं तरी मला वासच कळला नाही. शेजारच्या कोरीनचं नाव आठवेना, तिच्याशी बोलत असताना. एकदा तुझा नंबर फिरवायला बसले आणि आकडे सगळे एकमेकांत मिसळले. तेव्हा मला जी भीती वाटली, मिरेय, ती शत्रूच्याही वाट्याला येऊ नये. म्हटलं, आता माझीही पाळी आली. पपांना आठवतंय आणि मी विसरतेय. तू एकटी दोघांचं काय करशील? म्हणून मी स्वतःची यादी करायला घेतली आणि ती पिठाच्या डब्यात लपवून ठेवली. दुसऱ्या दिवशी ती कुठे लपवली ते आठवेना. आता हे हसण्यासारखं वाटेल, तेव्हा मी स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसून होते.

मागच्या सोमवारी भट्टी आपोआप बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा पडली. रीनोला बोलावलं, तो भट्ट्या दुरुस्त करतो, लहानपणी तुझ्याबरोबर शाळेच्या बसमध्ये असायचा तोच. तो आत आला, दोन पावलं टाकली आणि कमरेला लावलेलं त्याचं यंत्र किंचाळायला लागलं. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं माझ्या तोंडाला काहीतरी लागलंय. "काकू, बाहेर चला." मी म्हटलं, "थांब, कोट घालते." "कोट राहू दे!" असं ओरडून त्याने मला दंडाला धरून ओढत नेऊन त्याच्या ट्रकमध्ये बसवलं. मग आत जाऊन भट्टी बंद केली आणि सगळ्या खिडक्या उघडल्या. माझं ते ताणून बसवलेलं प्लास्टिक टराटरा फाडलं. आणि मी ट्रकच्या काचेतून त्याला काय ओरडत होते माहीत आहे? "अरे दार लाव रे, गॅस वाया जातोय!" तो माझा जीव वाचवत होता आणि मी त्याला ऊब वाया घालवतोस म्हणून शिव्या देत होते.

मग तो घराला एक चक्कर मारून आला आणि खिडकीशी वाकून विचारलं, "काकू, पाइप कुठंय?" मी म्हटलं, कुठला पाइप? "भट्टीचा. नव्या भट्टीचा धूर धुराड्यातून जात नाही, भिंतीतून जातो. पांढरा पाइप." मी उत्तरेकडे बोट दाखवलं. तिथे माझ्या छातीएवढा बर्फ होता, फावड्याच्या पाठीने गुळगुळीत केलेला. त्याने खोदला. आतल्या फांद्या काळ्या, ओल्या झाल्या होत्या आणि त्यांच्यामागे धुराने स्वतःपुरती एक पोकळी करून घेतली होती. तिथून तो पायाच्या दगडांच्या फटींतून परत आत येत होता, बरोबर पपांच्या पलंगाखाली. त्या धुरातल्या विषारी वायूला ना वास, ना रंग. माणूस हळूहळू मंद होत जातो आणि त्याला कळत नाही. इतर फटी सगळ्या मीच बुजवल्या होत्या, त्यामुळे तो बाहेर जाणार कुठून? "धोक्याचा भोंगा नाही का घरात?" रीनोने विचारलं. होता. वरच्या जिन्यात, दोन गोधड्यांच्या पलीकडे, मी बंद केलेल्या मजल्यावर.

मी रीनोला म्हटलं, "मला कुणी सांगितलं नव्हतं." आणि तोंडातून शब्द बाहेर पडला तसं मला कळलं की ते खोटं आहे. मला सांगितलं होतं. खिडकी किलकिली करून, काठीने काच ठोकून सांगितलं होतं. त्या घरात एकच माणूस शहाणपणाचं बोलला आणि त्याचं ते बोलणं मी वेडाचा पुरावा म्हणून डॉक्टरांना नेऊन दिलं.

मला एक दिवस हॉस्पिटलमध्ये ठेवलं, नाकाला नळी लावून. आता डोकं स्वच्छ आहे, कोरीनचं नावच काय तिच्या सगळ्या मांजरांची नावं आठवतात. डॉक्टरांनी पपांचे कागद पुन्हा काढून पहिल्या पानापासून वाचले. मग म्हणाले, की जे परत यायचं ते बरंचसं आलंय, थोडं कदाचित येणार नाही, पण या माणसाला तिथे ठेवायचं कारण मला दिसत नाही. रीनोने पाइपाला वर उंच नळी जोडून दिली आहे आणि तिच्याभोवती लाल रंग मारलाय, माझ्यासाठीच असणार. खालच्या प्रत्येक खोलीत भोंगा लावलाय. उत्तरेची भिंत उघडी आहे आणि ती खोली गार आहे. असू दे. मी तिथे अजून एक ब्लँकेट टाकलंय.

तर सगळं तयार आहे, आणि तरी मी तुला का लिहितेय, ते आता सांगते. रविवारी मी पपांना भेटायला गेले, सगळं सांगून टाकायचं असं ठरवून. ते खिडकीजवळ होते, नुसत्या शर्टात, मोजेही घातले नव्हते. माझे हात धरून म्हणाले, "किती गार आहेस गं. इथे बघ कसं छान गरम असतं." मग माझ्याकडे न बघता, अगदी सहज, म्हणाले, "बरं केलंस लोरेट. माझी ती खोली तापवायला फार लागायचं. आता तीही बंद करता येईल तुला. मी असताना नसतं जमलं." ते माझी समजूत काढत होते, मिरेय. तीन आठवडे तिथे बसून त्यांनी स्वतःशी ठरवून टाकलंय की मी त्यांना गॅस वाचवायला पाठवलं, आणि ते त्यांना पटलंय, आणि त्यांनी मला माफही केलंय. सांगायचं ते तसंच ठेवून मी त्यांच्या पायात मोजे चढवले आणि घरी आले. शुक्रवारी रस्ता मोकळा असेल तर तू ये, आपण दोघी मिळून जाऊ. सगळं मीच सांगेन, तुला काही बोलावं लागणार नाही. पण एकटी गेले तर ते पुन्हा माझे हात धरतील, जाऊ दे गं म्हणतील, आणि मी जाऊ देईन. माझ्यावर रागावणारं कुणीतरी त्या खोलीत बसलेलं हवं. तू रागावून ये, पण ये.

तुझीच,
ममा